लिनक्सवर फाइलझिला: लॉगिन होतं, पण फोल्डरच दिसत नाही

पाटीपेन्सिल
मंडळी, जरा मदत हवी आहे.

इतकी वर्षं सर्व्हरवर फाइली चढवायला विंडोजवर विनएससीपी वापरत होतो. आता लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलंय, आवडलंय, परत फिरायचा विचार नाही. पण विनएससीपी लिनक्ससाठी नाही. एका गटाची साधी वेबसाइट सांभाळतो. तिच्यावर अधूनमधून काही एचटीएमएल पानं, फोटो आणि पीडीएफ चढवायच्या, जुन्या काढायच्या, एवढंच काम.

सगळे फाइलझिला म्हणतात म्हणून ते शोधलं. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एक सिस्टिम पॅकेज, एक फ्लॅटपॅक, आणि त्यांच्या संकेतस्थळावर टारबॉल तो वेगळाच. मी आपलं पहिलं टाकलं. वरच्या पट्टीत सर्व्हरचं नाव, युजरनेम, पासवर्ड भरला, पोर्टची चौकट रिकामी ठेवली आणि क्विककनेक्ट दाबलं. 'लॉग्ड इन' असं येतं. मग 'रिट्रीव्हिंग डिरेक्टरी लिस्टिंग'. मग वीस सेकंद सगळं गप्प. मग 'कनेक्शन टाइम्ड आउट' आणि तांबड्या अक्षरांत 'फेल्ड टू रिट्रीव्ह डिरेक्टरी लिस्टिंग'. कितीही वेळा करा, तेच.

तर, तीनपैकी कोणतं फाइलझिला घ्यावं? यादी का येत नाही? आणि मुळात हेच वापरावं की याहून बरं काही आहे? टर्मिनलची भीती नाही, पण प्रेमही नाही.

आग्यावेताळ
एलएफटीपी. पुढचा धागा आणा.

शून्यमनस्क
अहो, ते म्हणतायत टर्मिनलवर प्रेम नाही, आणि तुम्ही थेट मुहूर्त काढताय!

निवांत_वाचक
पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. जे टाकलंत तेच ठेवा.

विंडोजवरून आलेला माणूस सवयीने आधी त्या त्या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर जातो आणि तिथून फाइल उतरवतो. लिनक्सवर तो शेवटचा पर्याय. डिस्ट्रोच्या (म्हणजे मिंट, उबुंटू अशा लिनक्सच्या एकेका अवताराच्या) भांडारातून घेतलेलं पॅकेज बाकीच्या सिस्टिमबरोबर अपडेट होत राहतं, लागणाऱ्या लायब्ररी आपोआप येतात, काढायचं म्हटलं तर स्वच्छ निघतं. आवृत्ती थोडी मागची असते, पण तुमच्या कामाला काही फरक पडत नाही. मिंट, उबुंटू, डेबियनवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल फाइलझिला', फेडोरावर 'सुडो डीएनएफ इन्स्टॉल फाइलझिला', आर्चवर 'सुडो पॅकमॅन -एस फाइलझिला' (एस मोठ्या लिपीतला). (कमांड इथे देवनागरीत देतोय, टंकायच्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि फाइलझिला सगळं लहान लिपीत.)

फ्लॅटपॅक, म्हणजे कोणत्याही डिस्ट्रोवर चालणारं स्वतंत्र पॅकेज, वाईट नाही. आवृत्ती ताजी मिळते. पण त्याची सेटिंगं वेगळ्या जागी, होम फोल्डरातल्या '.व्हार/ॲप'च्या खाली राहतात. दोन्ही टाकून ठेवली तर एकात जतन केलेल्या साइट दुसऱ्यात दिसत नाहीत आणि माणूस अर्धा दिवस 'माझ्या साइट कुठे गेल्या' करत बसतो. एकच ठेवा.

टारबॉल म्हणजे फाइलींचं बांधलेलं गाठोडं: उलगडायचं, आतल्या 'बिन' फोल्डरात जाऊन 'फाइलझिला' चालवायचं. इन्स्टॉल असं काही नाहीच. डिस्ट्रो जुनी असेल तर ग्लिबसी या मूळ लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही म्हणून ते उठतही नाही. अगदी नव्या आवृत्तीतलं काही हवं असेल तरच त्या वाटेला जा.

आणि विंडोजच्या इन्स्टॉलरबरोबर नको ती सॉफ्टवेअरं चिकटून येतात म्हणून फाइलझिलाचं नाव मध्यंतरी खराब झालं होतं. डिस्ट्रोच्या पॅकेजात ती भानगड नाही.

चिवट
+१. दोन्ही ठेवू नका हे ठळक अक्षरांत लिहायला हवं होतं.

तारमास्तर
दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. लॉगिन होतं आणि यादी येत नाही, हे एफटीपीचं, म्हणजे फाइली चढवा-उतरवायच्या जुन्या पद्धतीचं, अगदी ठरलेलं दुखणं आहे.

एफटीपीत जोडण्या दोन असतात. बोलणं एका दारातून, सामान दुसऱ्या दारातून. पोर्ट २१ वर फक्त आज्ञा आणि उत्तरं जातात: हे माझं नाव, हा पासवर्ड, या फोल्डरात जा. फाइल, किंवा फोल्डरातली नावांची यादीसुद्धा, वेगळ्या जोडणीवरून येते आणि ती दर वेळी नव्याने उघडते. पूर्वीच्या ॲक्टिव्ह पद्धतीत सर्व्हर आपल्याकडे जोडणी करायचा. आपण राउटरच्या मागे असलो की ती आत येतच नाही. पॅसिव्ह पद्धतीत सर्व्हर एक पोर्ट सांगतो आणि आपण तिकडे जोडतो. फायरवॉलच्या जमान्यात पॅसिव्हच वापरा हे १९९४ च्या आरएफसी १५७९ मध्येच (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धतींचे क्रमांकित दस्तऐवज) लिहून ठेवलंय. फाइलझिला मुळातच पॅसिव्ह वापरतं.

म्हणजे तुमचं पहिलं दार उघडलंय, दुसरं बंद आहे. वरच्या लॉगमधल्या ओळी इथे द्या. २२७ ने सुरू होणारी ओळ खास हवी. युजरनेम आणि सर्व्हरचं नाव खोडून द्या.

पाटीपेन्सिल
हे घ्या, मधल्या काही ओळी वगळून:

स्टेटस: टीएलएस कनेक्शन एस्टॅब्लिश्ड.
स्टेटस: लॉग्ड इन
कमांड: पीएएसव्ही
रिस्पॉन्स: २२७ एन्टरिंग पॅसिव्ह मोड (१०,०,०,५,१९५,८०)
स्टेटस: सर्व्हर सेंट पॅसिव्ह रिप्लाय विथ अनराउटेबल ॲड्रेस. यूझिंग सर्व्हर ॲड्रेस इन्स्टेड.
कमांड: एमएलएसडी
एरर: कनेक्शन टाइम्ड आउट आफ्टर २० सेकंड्स ऑफ इनॲक्टिव्हिटी

तारमास्तर
वा, यात सगळं आहे.

कंसातले सहा आकडे बघा. पहिले चार म्हणजे पत्ता: १०.०.०.५. हा खासगी जाळ्यातला पत्ता, बाहेरून तिथे कुणी पोचू शकत नाही. शेवटचे दोन म्हणजे पोर्ट, पण फोडून लिहिलेला: १९५ गुणिले २५६ अधिक ८०. म्हणजे ४९९२० + ८० = ५००००. सर्व्हर म्हणतोय, '१०.०.०.५ वर, ५०००० नंबरच्या पोर्टवर या.'

फाइलझिलाला पत्ता खोटा आहे हे कळलं, म्हणून त्याने सर्व्हरचा खरा पत्ता घेतला आणि ५०००० वर धडक मारली. तिथे कुणी दार उघडलं नाही. वीस सेकंद ही फाइलझिलाची ठरलेली मुदत. ती वाढवून काही होणार नाही.

आता सर्व्हरने घरातला पत्ता बाहेरच्याला का दिला? कारण टीएलएस, म्हणजे जोडणी सांकेतिक करणारं कवच. साध्या एफटीपीत मधला फायरवॉल २२७ ची ओळ वाचतो, पत्ता बदलून देतो आणि तेवढ्यापुरतं ते पोर्टही उघडतो. टीएलएस लावलं की ती ओळ सांकेतिक होते, फायरवॉलला काही दिसत नाही, म्हणून तो काही करतही नाही. फाइलझिला मुळातच 'असेल तर टीएलएस वापर' या बेताने जोडतं, आणि ते योग्यच आहे. चूक सर्व्हरची आहे: त्यांनी पॅसिव्हसाठी पोर्टांचा एक पट्टा ठरवून तो फायरवॉलमध्ये उघडा ठेवायला हवा आणि बाहेरचा पत्ता सेटिंगमध्ये लिहायला हवा. होस्टिंगवाल्यांना ही ओळ जशीच्या तशी पाठवा.

पाटीपेन्सिल
दंडवत! एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. होस्टिंगवाल्यांना लिहून बघतो. मागच्या वेळी त्यांनी 'ब्राउझरची कॅश साफ करा' असं उत्तर दिलं होतं.

आडवाटेचा
थांबा थांबा. एक साधा प्रश्न: हाच सर्व्हर विनएससीपीत चालत होता ना? तिथे प्रोटोकॉल कोणता होता?

कारण विनएससीपीत नवीन साइट करताना आधीपासून एसएफटीपी आणि पोर्ट २२ निवडलेलं असतं. फाइलझिलाच्या क्विककनेक्टमध्ये पोर्ट रिकामा सोडला की ते एफटीपी समजतं, पोर्ट २१. तुम्ही विंडोजवर एफटीपी वापरतच नसाल.

पोर्टच्या चौकटीत २२ टाका आणि पुन्हा क्विककनेक्ट दाबा. किंवा सर्व्हरच्या नावाआधी 'एसएफटीपी://' लिहा.

पाटीपेन्सिल
आली! यादी आली! २२ टाकलं, 'अननोन होस्ट की' अशी खिडकी आली, ओके म्हटलं आणि सगळी फोल्डरं समोर.

तारमास्तर
आणि मी इथे १९५ गुणिले २५६ करत बसलोय.

निदान मात्र कायम आहे. त्यांच्या एफटीपीची बाजू बिघडलेलीच आहे, फक्त तुम्हाला आता तिची गरज नाही.

शून्यमनस्क
मास्तर, गुणाकार बरोबर होता, एवढं समाधान ठेवा.

मनीप्लांट
मला कायम गोंधळ होतो. एसएफटीपी म्हणजे सुरक्षित केलेलं एफटीपीच ना? मग एफटीपीएस कोण?

तारमास्तर
नाही, नाव सारखं असलं तरी घराणी वेगळी. एफटीपीएस म्हणजे जुनं एफटीपी, त्यावर टीएलएसचं कवच. जोडण्या तरीही दोनच, म्हणून वरचं दुखणं शिल्लक. त्यातही दोन तऱ्हा: २१ वर सुरू करून मग टीएलएस मागायचं, किंवा ९९० वर पहिल्यापासून टीएलएस. एसएफटीपीचा एफटीपीशी काही संबंध नाही, ते एसएसएच या दूरच्या मशीनशी करायच्या सुरक्षित जोडणीच्या आतून चालतं. एकच जोडणी, एकच पोर्ट, यादी आणि फाइली सगळं त्यातूनच. त्यामुळे फायरवॉलशी भांडण होत नाही. सर्व्हर एसएफटीपी देत असेल तर बाकी काही बघू नका.

करकोचा
@पाटीपेन्सिल, 'अननोन होस्ट की' वर (म्हणजे सर्व्हरची ओळखीची किल्ली अनोळखी आहे म्हणून) नुसतं ओके म्हणालात ते जरा खटकलं. पहिल्या वेळी ती खिडकी येणारच, पण त्यात एसएचए२५६ ने सुरू होणारा एक ठसा दाखवतात. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये तोच ठसा बहुधा दिलेला असतो, तो ताडून बघायचा आणि मग 'ऑलवेज ट्रस्ट' वर खूण करायची. सर्व्हर आपलाच असेल तर त्याच्यावर 'एसएसएच-कीजेन -एलएफ' चालवून सर्व्हरच्या सार्वजनिक किल्लीचा ठसा काढता येतो.

पहिल्या वेळी नाही बघितलं तरी एक वेळ चालेल. पण पुढे कधी 'होस्ट की बदलली आहे' असा इशारा आला तर मात्र हात मागे घ्या. सर्व्हर नवीन बसवला असेल तर असं होतं, पण ते होस्टिंगवाल्यांकडून कळायला हवं, आपण गृहीत धरायचं नाही.

दुसरं, पासवर्ड. फाइलझिला पासवर्ड जतन करायचा का विचारतं. साध्या पद्धतीने जतन केलात तर तो होम फोल्डरातल्या '.कॉन्फिग/फाइलझिला' मध्ये 'साइटमॅनेजर.एक्सएमएल' नावाच्या फाइलीत बेस६४ करून पडतो. बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे, 'बेस६४ -डी' एवढ्या कमांडने तो वाचता येतो. आधी वर्षानुवर्षं लोक यावरून तक्रार करत होते. २०१७ मध्ये मास्टर पासवर्डची सोय आली. ती वापरा.

चिवट
मास्टर पासवर्डपेक्षा किल्लीच करा. टर्मिनलवर 'एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९', मग 'एसएसएच-कॉपी-आयडी नाव@सर्व्हर'. शेअर्ड होस्टिंगवर दुसरी कमांड चालेलच असं नाही, मग '.पब' शेवट असलेल्या फाइलीतला मजकूर कंट्रोल पॅनेलमध्ये चिकटवायचा. फक्त '.पब'वाला! दुसरी फाइल कुणालाही द्यायची नाही.

फाइलझिलाच्या साइट मॅनेजरमध्ये लॉगऑन टाइप 'की फाइल' निवडून खासगी किल्ली दाखवायची. फाइलझिला एसएफटीपीसाठी पुटी नावाच्या एसएसएच प्रोग्रॅमचा कोड वापरतं, त्यामुळे जुन्या आवृत्त्या किल्ली '.पीपीके' स्वरूपात बदलून मागतात. घाबरू नका, बदलू द्या, मूळ फाइल तशीच राहते. आणि याच कारणाने '.एसएसएच/कॉन्फिग' मध्ये लिहिलेली टोपणनावं फाइलझिलाला कळत नाहीत. तिथे पूर्ण पत्ता द्यावा लागतो.

घारूअण्णा
एवढं सगळं कशाला? मिंटमध्ये नेमो हा फाइल मॅनेजर आहे ना. फाइल मेनूत 'कनेक्ट टू सर्व्हर', प्रकार एसएसएच, नाव भरा, झालं. किंवा कंट्रोल-एल दाबून वरच्या पट्टीत 'एसएफटीपी://नाव@सर्व्हर' लिहा. डाव्या बाजूला सर्व्हर दिसू लागतो, फाइली ओढा आणि टाका. नोम डेस्कटॉप असेल तर नॉटिलसमध्ये 'अदर लोकेशन्स' (नव्या आवृत्त्यांत 'नेटवर्क'), केडीई असेल तर डॉल्फिनच्या पट्टीत तेच. वेगळा क्लायंट टाकायचीच गरज नाही.

निवांत_वाचक
अण्णा, दोन-चार फाइलींसाठी मान्य. मी पण तेच करतो. पण मोठं काही चढवताना मध्येच जोडणी तुटली की नेमो हात वर करतं, कुठपर्यंत गेलं ते आपण मोजायचं. फाइलझिलात रांग असते, फसलेल्या फाइली वेगळ्या टॅबमध्ये राहतात. शिवाय दोन्ही बाजूंची फोल्डरं ताडून फरक रंगात दाखवायची सोय आहे, आणि 'सिंक्रोनाइज्ड ब्राउझिंग' लावलं की डावीकडे फोल्डर बदललं की उजवीकडेही बदलतं. वेबसाइट सांभाळणाऱ्याला याचं मोल कळतं.

सर्व्हरवरची फाइल थेट उघडून एखादी ओळ दुरुस्त करायची असेल तर उजवी क्लिक करून 'व्ह्यू/एडिट'. फाइल आपल्या एडिटरमध्ये उघडते, जतन केली की फाइलझिला विचारतं, चढवू का? 

घारूअण्णा
असेल बुवा. माझं काम भागतं.

आग्यावेताळ
बरं, आता गंमत बाजूला ठेवून एलएफटीपीची बाजू मांडतो.

तुमचं काम काय आहे? एक फोल्डर आपल्या मशीनवर, तेच सर्व्हरवर. जे बदललं तेवढंच वर जायला हवं. फाइलझिलात हे डोळ्यांनी शोधून ओढावं लागतं, आणि एखादी सीएसएस फाइल राहून जाते. एलएफटीपीत एक ओळ: 'मिरर -आर --ओन्ली-न्यूअर', पुढे आपलं फोल्डर, पुढे सर्व्हरवरचं. -आर (मोठ्या लिपीतला) म्हणजे उलटं, इथून तिथे. तो नसेल तर तिथून इथे येतं, हे मात्र लक्षात ठेवा. एसएफटीपी, एफटीपी, एफटीपीएस तिन्ही बोलतं, तुटलं तर स्वतःहून पुन्हा जोडतं. ती ओळ एका फाइलीत लिहून ठेवली की पुढच्या वेळी टर्मिनलवर प्रेम नसलं तरी चालतं, नुसतं चालवायचं.

करकोचा
त्यापेक्षा आरसिंक. फाइलीचा बदललेला भागच पाठवतं. १९९६ पासून आहे, दगडासारखं पक्कं.

आग्यावेताळ
आरसिंक सर्व्हरच्या बाजूलाही लागतं, आणि शेल, म्हणजे सर्व्हरवर कमांड चालवायची मुभा, लागतो. शेअर्ड होस्टिंगवर बऱ्याचदा नुसतं एसएफटीपी देतात. तिथे आरसिंक काय करणार? एलएफटीपीला पलीकडे काहीच बसवावं लागत नाही. शिवाय पीडीएफ आणि जेपीजी आतून आधीच आवळलेल्या असतात. पुन्हा तयार केली की जवळजवळ सगळी फाइल बदलते, तिथे 'बदललेला भागच' ही बढाई चालत नाही.

करकोचा
शेल असेल तर आरसिंक, नसेल तर एलएफटीपी. इतपत तह मंजूर आहे का?

आग्यावेताळ
मंजूर.

मनीप्लांट
आरसिंकमधला शेवटच्या स्लॅशचा घोळ कुणी सांगेल का? कधी फोल्डर जातं, कधी फोल्डराच्या आतलं.

करकोचा
'साइट/' असं लिहिलं तर साइटच्या आतलं सगळं पलीकडे पडतं. 'साइट' लिहिलं, शेवटी स्लॅश नाही, तर पलीकडे 'साइट' नावाचं फोल्डर तयार होऊन त्यात पडतं. हा नियम फक्त जिथून उचलायचं त्या बाजूला. आणि '--डिलीट' लावणार असाल, आरसिंकमध्ये काय किंवा एलएफटीपीच्या मिररमध्ये काय, आधी ड्राय रन, म्हणजे नुसती रंगीत तालीम. आरसिंकला '-एन', एलएफटीपीला '--ड्राय-रन'. काय पुसलं जाणार आहे त्याची यादी पडद्यावर येते, ती वाचायची आणि मगच खरं चालवायचं. '--डिलीट' आणि चुकलेला स्लॅश एकत्र आले की पलीकडचं फोल्डर रिकामं व्हायला वेळ लागत नाही.

वाटसरू_७
अवांतर: एफटीपीचा पहिला आराखडा, आरएफसी ११४, एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. ते तेव्हा एमआयटीत होते, त्याआधी आयआयटी कानपूर. तेव्हा आजच्या इंटरनेटचं टीसीपी/आयपी पण आलेलं नव्हतं, इंटरनेटच्या पूर्वज आर्पानेटवर एनसीपी चालायचं. आज जे एफटीपी आपण शिव्या देत वापरतो ते ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ चं. फायरवॉल, राउटरमागचे खासगी पत्ते हे सगळं नंतरचं. तेव्हा त्या बिचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

शून्यमनस्क
म्हणजे मास्तरांनी ज्या दोन दारांवर एवढं भाषण दिलं, ती दारं आपल्याच माणसाने काढली होती!

तारमास्तर
आणि तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. दोन वेगळ्या जोडण्या असल्याने तुम्ही एका सर्व्हरला सांगू शकत होता की ही फाइल थेट त्या दुसऱ्या सर्व्हरला दे, माझ्यामार्फत नको. पुढे हीच सोय लोकांनी वाकडी वापरली, म्हणून आता बहुतेक सर्व्हर ती नाकारतात.

घारूअण्णा
एफटीपी मेलंय म्हणा की. ब्राउझरमधून पण काढून टाकलं.

वाटसरू_७
ब्राउझरमधून गेलं हे खरं. फायरफॉक्सने आवृत्ती ९० मध्ये, जुलै २०२१ ला काढलं, क्रोमने त्याच वर्षी ऑक्टोबरात ९५ मध्ये. डेबियनने तर १ नोव्हेंबर २०१७ लाच लोकांसाठीची एफटीपी सेवा बंद केली. एससीपीची, म्हणजे एसएसएचवरून फाइली नकलायच्या कमांडची, गंमत अशी की ओपनएसएसएच ९.० पासून, म्हणजे एप्रिल २०२२ पासून, 'एससीपी' कमांडसुद्धा आतून एसएफटीपीच वापरते. पण मेलं म्हणू नका. स्कॅनर, कॅमेरे, जुनी यंत्रं अजून त्याच्यावर फाइली टाकतात.

पाटीपेन्सिल
चर्चा भारी चालली आहे, पण नवीन अडचण आली. काही पीडीएफची नावं देवनागरीत आहेत. फाइलझिलात नाव बरोबर दिसतं, 'दुसऱ्या_अंकाची_यादी.पीडीएफ'. मी पानावर तेच नाव लिहून दुवा दिला तर ४०४ (फाइल सापडत नाही) येतो. अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, फरक नाही. आणि बाकीच्या देवनागरी नावांच्या फाइली व्यवस्थित उघडतात, ही एकच नाही.

आडवाटेचा
ही फाइल तुम्हाला कुणी मॅकवरून पाठवली होती का?

पाटीपेन्सिल
हो, झिप करून. तुम्ही ज्योतिषी आहात का?

आडवाटेचा
'दुसऱ्या' मधला 'ऱ' बघून ओळखलं.

युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं. एक, अख्खं ऱ, संकेतांक ०९३१. दोन, साधा र म्हणजे ०९३० आणि त्याच्या पुढे नुक्ता ०९३सी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकच दिसतात. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलप्रणाली नाव जतन करताना अक्षरं फोडून ठेवते, म्हणून तिथून आलेल्या झिपमध्ये दुसरा प्रकार असतो. तुम्ही लिनक्सवर कीबोर्डने दुवा लिहिलात त्यात बहुधा पहिला. लिनक्सच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं, कारण तो फक्त बाइट ताडतो. बाकीच्या नावांत ऱ नसणार, म्हणून ती चालली.

उपाय: 'कन्व्हएमव्ही' नावाचं पॅकेज टाका. त्याला '-एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी' असं सांगून फाइलीवर चालवा. आधी ते नुसतं काय करणार ते दाखवतं, खरं नाव बदलायला '--नोटेस्ट' जोडावं लागतं. मग पुन्हा चढवा आणि जुनी पुसा. फाइलझिलात दोन्ही एकाच नावाने शेजारीशेजारी दिसतील, तेव्हा तारीख बघून पुसा.

मनीप्लांट
हे माहीत नव्हतं! वाचनखूण साठवली.

करकोचा
याला जोडून: लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलप्रणालीवर फाइलीच्या नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइटचा, म्हणजे जेमतेम ८५. त्यात काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. कुणीकुणी लेखाचं अख्खं शीर्षक नाव म्हणून देतात आणि मग फाइल चढत नाही. दुव्यात तर एकेका संकेतांकाचे टक्केवारीच्या चिन्हांसकट नऊ वर्ण होतात. सर्व्हरवर नावं रोमन, लहान लिपीत, मधे जागा न सोडता. देवनागरी शीर्षक पानावर दिसू द्या.

पाटीपेन्सिल
कन्व्हएमव्हीने काम झालं, दुवा उघडला. मोठ्या आणि लहान लिपीचा घोळही सापडला. तीन फोटो दिसत नव्हते. कॅमेऱ्याने शेवटी '.जेपीजी' मोठ्या लिपीत लिहिलं होतं, पानावर लहान लिपीत होतं. विंडोजवर पानं तपासायचो तेव्हा ते चालून जायचं.

आणि एक फोल्डर ४०३ (परवानगी नाही) देतंय. नेटवर कुणीतरी म्हणतंय की त्याला ७७७ द्या.

चिवट
७७७ मुळीच नको! तो म्हणजे कुणीही येऊन काहीही लिहा. फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४, म्हणजे बदल फक्त मालकाने करायचा, वाचायचं कुणीही. फाइलझिलात फोल्डरावर उजवी क्लिक, 'फाइल परमिशन्स'. 'रिकर्स इन्टू सबडिरेक्टरीज' वर खूण करून खाली 'अप्लाय टू डिरेक्टरीज ओन्ली' निवडून ७५५ द्या, मग पुन्हा तेच उघडून 'फाइल्स ओन्ली' साठी ६४४. सगळ्यांना एकदम एकच आकडा दिलात तर फोल्डरं उघडेनाशी होतात किंवा फाइली उगाच चालवण्याजोग्या होतात.

घारूअण्णा
नेमोतही होतं हे. सहज सांगितलं.

पाटीपेन्सिल
७५५ ने सुटलं. फाइलझिलाच ठेवतो, किल्लीही करून घेतली, आणि आग्यावेताळ यांची मिररवाली ओळ एका फाइलीत लिहून ठेवली आहे, ड्राय रनसकट. एकच शंका उरली: मोठी पीडीएफ चढताना मध्येच नेट गेलं तर पुन्हा पहिल्यापासून चढवायची का?

निवांत_वाचक
नाही. खालच्या 'फेल्ड ट्रान्सफर्स' टॅबमध्ये जा, फाइल निवडा, उजवी क्लिक करून 'रीसेट अँड रिक्यू' करा आणि रांग पुन्हा सुरू करा. 'फाइल आधीच आहे' असं विचारेल तेव्हा 'ओव्हरराइट' नको, 'रिझ्यूम' निवडा. जिथे तुटलं तिथून पुढे जाईल. फक्त दरम्यान ती पीडीएफ नव्याने तयार केली असेल तर ओव्हरराइटच करा. नाहीतर पुढचा अर्धा भाग नवा, मागचा अर्धा जुना अशी फाइल तयार होते आणि ती कुणालाच उघडत नाही.